सर्वेची सावड

सत्य एका जनावरात नसतं, कळपात असतं. पशुवैद्यकीय कॉलेजातल्या साथरोगशास्त्राच्या पहिल्याच तासाला टेंभरे सरांनी हे वाक्य उच्चारलं, तेव्हा पदव्युत्तर वर्गातले सगळे विद्यार्थी, म्हणजे चौघं, काही क्षण गंभीर झाले होते. पंखाही थांबलेला होता, कारण वीज गेली होती. एकेका बैलाचा ताप उतरवणं हे डॉक्टरचं काम. पण गावातल्या सगळ्या बैलांत कितींना ताप येतो, कुठल्या महिन्यात येतो आणि बाकीच्यांना का येत नाही, हे सांगणारा माणूस डॉक्टरच्या एक पायरी वर उभा असतो, असं सर म्हणाले. नाहिदला त्या दिवशी खरंच वाटलं होतं, की आपण कुठल्यातरी उंच जागी चढलो आहोत आणि खाली सगळा यवतमाळ जिल्हा शांतपणे चरतो आहे. त्यानंतर दोन पावसाळे गेले. आज ती आपल्या गावी, दिग्रसमध्ये, जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला हातात खोबरेल तेलाची बाटली घेऊन उभी होती, आणि सत्य तिच्यासमोर एका जनावरात उभं होतं. त्याचा डावा कान फाटलेला होता.

कापसाच्या बैलगाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून पार टायरच्या दुकानापर्यंत आली होती. पुढची गाडी हलली की मागच्यांनी हलायचं, एवढंच काम असल्यामुळे गाडीवाले कापसावर आडवे झाले होते आणि बैल फार मोठा निर्णय घ्यायचा असल्यासारखे रवंथ करत होते. नाहिदला फक्त रस्ता ओलांडायचा होता. दोन गाड्यांच्या मधून वाट काढताना तिची नजर त्या कानावर गेली आणि पाय तिथेच राहिले. कानाच्या टोकाला दोन फाटे, मधे खोल खाच, आणि खालच्या फाट्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा मस. नाहिदला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पुसदच्या एका लग्नात तिने सख्ख्या मामीला विचारलं होतं, की तुम्ही नवरीकडच्या का. कानांचं मात्र तसं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात गोचीडतापाच्या अभ्यासासाठी तिने गावोगावच्या ढोरांचे कान हातात धरले होते, टोकाला सुई टोचली होती, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवून हवेत हलवून वाळवला होता. हा कान तिने धरला होता. एकदा नाही. सावरगव्हाणला एका गोठ्यात, चिंचबर्डीला दुसऱ्या, आणि तांड्यावर उत्तमसिंगच्या दारात तिसऱ्यांदा. तीन गावं, तीन मालक, तीन आजारी बैल. तिन्ही बैलांचा कान एकच होता. आणि आता, रस्त्यात उभं राहिल्यावर, तिला हेही आठवलं की तिसऱ्या वेळी तो कान हातात घेताना बोटं क्षणभर अडखळली होती. बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं होतं. पण पाऊस येत होता, काचपट्ट्या भिजल्या असत्या, आणि बैलाला ताप होता, ही त्या क्षणी इतकी आनंदाची गोष्ट होती की तिने बोटांना गप्प बसवलं होतं.

गाडीवर पुंडलिकराव होते, सावरगव्हाणचे. त्यांच्याच घरून तिने अभ्यासाला सुरुवात केली होती, कारण तिचे वडील अब्दुल गनी त्यांची विहिरीवरची मोटर जळली की भरून देत आणि त्यामुळे दोन्ही घरांत बोलणं होतं. पुंडलिकराव कापसावर उठून बसले, पागोटं सारखं केलं आणि काय पाहून राह्यल्या डॉक्टरीनबाई, बैल घेता काय, असं म्हणाले. नाहिदने बैल कोणाचा म्हणून विचारलं. आपलाच म्हना नं, ते म्हणाले. आपला म्हणजे कोणाचा, असं तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांना जरा मौज वाटली. शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट समजावून सांगायची वेळ आली की वाटते तशी. कानफाट्या सावडीत आहे, त्यांनी सांगितलं. तीन घरी एकेकच बैल उरला आहे, जोडी कोणाचीच नाही, म्हणून ज्याच्या शेतात काम निघेल त्याच्याकडे दुसऱ्याचा बैल जातो. यंदा कानफाट्याचं अंग भरलं नाही, पण गाडी ओढतो. काम नसलं की कुठेही बांधा, तो काही बोलत नाही.

"म्हणजे चिंचबर्डीला मी याचंच रक्त घेतलं?"

"घेतलं असन."

"आणि उत्तमसिंगकडे?"

"थिथी तर मीच नेऊन बांधलता," पुंडलिकराव म्हणाले. त्यांच्या आवाजात कोणाच्या तरी उपयोगी पडल्याचं समाधान होतं.

"काहून?" नाहिदच्या तोंडून निघालं. कॉलेजात ती का म्हणत असे.

"काहून म्हंजे? तुमी बिमार ढोरं पाहाले आलत्या. उत्तमसिंगच्या दावणीले एकबी बिमार नोतं. पोरगी पान्यापावसात फिरून राह्यली, तिले रिकाम्या हातानं कशी धाडाव? कामाची सावड रायते, तशी सर्वेची केली."

पुढची गाडी हलली. पुंडलिकरावांनी कासरा ओढला, आणि जाता जाता, खरोखरच्या आस्थेने, मग सापडला का रोग, असं विचारलं. नाहिद हो म्हणाली. बरं झालं, ते म्हणाले, आणि कानफाट्या आपला कान घेऊन तीन पावलं पुढे गेला.

तेलाची बाटली घेऊन ती घराकडे चालू लागली तेव्हा तिला वाईट वाटत नव्हतं, राग येत नव्हता, ती फक्त हिशोब करत होती. प्रबंध टाइप झाला होता. यवतमाळच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये फक्त बांधणी राहिली होती. कॉलेजात व्याख्यात्याची एक जागा निघणार होती आणि प्रबंध याच महिन्यात दाखल झाला तरच तिचा अर्ज घेणार होते. टेंभरे सरांनी तसा शब्द टाकून ठेवल्याचं सूचित केलं होतं, म्हणजे जिन्यात भेटल्यावर तुझं काय, झालं का, असं विचारलं होतं. ती जागा म्हणजे नाहिदच्या डोक्यातली एक खोली होती. खोलीला खिडकी होती, खिडकीत सूक्ष्मदर्शक, आणि दाराबाहेर पितळी नसली तरी निदान रंगवलेली पाटी. आता जर तिने गेल्या पावसाळ्याचे नमुने रद्द केले तर नवे नमुने उद्या घेऊन चालणार नव्हतं. गोचीड पावसाळ्यात वाढतात. हिवाळ्यात टोचलेला कान पावसाळ्याबद्दल काही सांगत नाही. म्हणजे पुढचा पावसाळा. म्हणजे वर्ष. म्हणजे खोली गेली, खिडकीसकट.

अंश कोणीही आणून देतो, टेंभरे सर म्हणायचे, तुम्ही छेद आणा. त्या शास्त्रात शिकण्यासारखं जे काही होतं ते बहुधा एवढंच होतं, बाकीच्या वर्षभरात याच वाक्याची वेगवेगळी नावं पाठ करायची होती. किती मेले, हे पेपरवालाही सांगतो. कितीतून मेले, ते विचारा, की सगळे घड्याळ बघायला लागतात. नाहिदला हे वाक्य फार आवडलं होतं. त्या वर्षांत तिच्या जिल्ह्याकडे सगळा देश अंश मागायला येत होता. कापसाचं आणि आत्महत्यांचं ते सगळं सुरू होतं तेव्हा जिल्ह्याला पाहुण्यांचा तोटा नव्हता. समित्या यायच्या, पथकं यायची, समाजकार्याचे विद्यार्थी जथ्याने यायचे, आणि एसटीतून उतरता उतरता विचारायचे की इथे सगळ्यांत वाईट परिस्थिती कुठे आहे. गावांनी हे लवकर ओळखलं. ज्याला चांगलं घर दाखवलं तो पाहुणा चहा अर्धा टाकून उठतो. ज्याला पडकी भिंत दाखवली तो पुन्हा चहा मागतो. यात लबाडी होती असं नाही. पाहुणा ज्यासाठी आला आहे ते त्याला मिळावं, एवढाच भाव होता. नाहिद कॉलेजच्या कँटीनमध्ये या पाहुण्यांच्या नकला करायची. खांद्यावर झोळी, मान तिरकी, आणि डोळ्यांत आधीच तयार करून आणलेलं पाणी. बाकीचे तिघं हसायचे. आपण स्वतः खांद्यावर पिशवी घेऊन, काचपट्ट्यांचा डबा घेऊन, सावरगव्हाणला एसटीतून उतरलो तेव्हा आपण कसे दिसलो असू, हा विचार तिला तेव्हा सुचला नव्हता. आता सुचला, तो सुचताच ती किराणा दुकानाच्या फळकुटासमोर थांबली, आणि दुकानदाराने काय पाहिजे विचारल्यावर काही नको म्हणून पुढे निघाली.

कारण तिला आता सावरगव्हाणचा तो पहिला दिवस दिसत होता, आणि तो दिवस तिने मनात वेगळाच ठेवला होता. मनात तो असा होता: गाव हिरवंगार, लोक सहकार्य करणारे, अभ्यासाची शुभ सुरुवात. प्रत्यक्षात झालं असं, की पुंडलिकरावांच्या बायकोने, तानाबाईने, गोठ्यातली तिन्ही ढोरं बाहेर काढली आणि तिन्ही ठणठणीत निघाली. शेजारची निघाली. पलीकडची निघाली. दुपारपर्यंत ताप नाही, फिकट डोळे नाहीत, सुजलेली गाठ नाही. खरं तर याचाच अर्थ अभ्यास नीट चालला होता. ठणठणीत ढोर हा छेदाचा अर्धा भाग असतो. पण नाहिदचा चेहरा हळूहळू उतरत गेला होता. तानाबाईने पोळी वाढताना तिला विचारलंसुद्धा होतं, "कायले उदास झाली वं माय? ढोरं चांगले हायेत म्हून?" नाहिद हसली होती आणि तसं नाही मावशी म्हणाली होती. तसंच होतं. आणि मग संध्याकाळच्या आधी कोणीतरी कानफाट्याला आणलं. त्याला ताप होता. नाहिद उठली, तिने चप्पलही घातली नाही. त्या वेळी आपल्या चेहऱ्याचं काय झालं असेल, हे तिला इतके महिने आरशाशिवाय दिसलं नव्हतं. आता भर रस्त्यात दिसलं. ती खुलली होती. बैलाला ताप आहे म्हणून खुललेली एक मुलगी सबंध गावाने पाहिली होती, आणि पुढच्या गावाला निरोप गेला होता, की गनीभाईच्या पोरीला काय आवडतं.

घरी वडील दुकानात मोटरच्या तारा गुंडाळत बसले होते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली होती. नाहिदने उभ्या उभ्या सांगितलं. अब्दुल गनींनी हातातली तार सोडली नाही, पण गुंडाळणं थांबवलं. त्यांनी अख्ख्या दिग्रसमध्ये मुलगी कॉलेजात शिकवायला लागणार म्हणून सांगून ठेवलं होतं. नेमकं काय शिकवणार, हे विचारणाऱ्यांना ते ढोरांचा हिशोब असं सांगत. आई, बिस्मिल्लाबी, आतून येऊन चौकटीत उभी राहिली. तिला यात अडचण काय आहे तेच कळेना. "बैल तीनों का है, तो तीनों के नाम पे लिखा. इसमें झूठ कायका?" वडिलांनी मात्र अडचण कुठे आहे ते हेरलं आणि ती लहान करून ठेवली. "एकीच बैल है ना बेटा. उसको निकाल दे. बाकी के तो सच्चे हैं."

याच वाक्यापाशी नाहिद वाटेत तीनदा येऊन गेली होती. कानफाट्या ओळखू आला, कारण त्याचा कान फाटलेला होता. ज्यांचे कान फाटलेले नव्हते त्यांचं काय? तिच्या ट्रंकेत काचपट्ट्या ओळीने लावलेल्या होत्या. तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की तांबड्या पेशी दिसत, आणि आजारी जनावराच्या पेशीत स्वल्पविरामासारखा एक जांभळा जीव. तो स्वल्पविराम कोणाच्या गोठ्यातला, हे काच सांगत नव्हती. नेहमीच्या पांढऱ्या बैलांचे नेहमीचे शाबूत कान कितीदा एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर चालत गेले असतील, कोण सांगणार? पुंडलिकराव सांगतील. विचारलं तर ते अगदी मनापासून सांगतील, आणि तिला काय ऐकायला आवडेल याचा आधी अंदाज घेतील. तिने ट्रंक उघडली, बंद केली. मग पुन्हा उघडली आणि पट्ट्यांच्या ओळीवर नुसता हात ठेवला. काच थंड होती. या सगळ्या काचांत खरं रक्त होतं, खरा रोग होता, एकही गोष्ट तिने बनवलेली नव्हती. आणि तरी सगळं मिळून काहीच नव्हतं. हे शास्त्र विचित्र होतं. यात प्रत्येक गोष्ट खरी असूनही बेरीज खोटी येऊ शकत होती. लहानपणी मदतीला म्हणून ती शेजारच्या लग्नात पंगतीची माणसं मोजायची, आणि जेवून उठलेली माणसं दुसऱ्या पंगतीला मुलांना घेऊन पुन्हा बसायची. आचारी तिला म्हणायचा, तू मोज, मी भाताच्या पातेल्याकडे बघतो. तिला तेव्हा अपमान वाटला होता. आता वाटलं, की तेव्हाच कोणी नीट समजावलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

कॉलेजात टेंभरे सरांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते टेबलावरच्या गुळगुळीत दगडाने कागद दाबत होते, मग तो उचलून दुसऱ्या कागदावर ठेवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे मला का सांगितलंस?" त्यात राग नव्हता. न सांगितलं असतंस तर दोघांनाही सोयीचं झालं असतं, इतकंच त्यात होतं. मग त्यांनी वाट दाखवली. प्रत्येक प्रबंधात शेवटी अभ्यासाच्या मर्यादा नावाचा भाग असतो. लोक तिथे पुष्कळ काही ठेवतात, ते म्हणाले. मीही ठेवलं होतं. तो बैल काढून टाक, मर्यादांमध्ये एक परिच्छेद लिही, स्थानिक परिस्थितीमुळे काही जनावरांची पुनरावृत्ती नाकारता येत नाही वगैरे. भाषा सौम्य ठेव. नाहिदला त्या क्षणी ती खिडकी इतकी स्पष्ट दिसली, की तिच्या गजांवरचा गंजही दिसला. परिच्छेद तिला लगेच सुचला होता. तो चांगलाही झाला असता. मोह असा मोठ्या रूपात येतो असं तिने ऐकलं होतं, इथे तो चार ओळींचा होता आणि कर्मणी प्रयोगात होता.

"सर, मर्यादा जनावरांची नाही," ती म्हणाली. "माझ्या चेहऱ्याची आहे. आजारी जनावर दिसलं की मला आनंद होत होता आणि तो दिसत होता. हे सौम्य भाषेत कसं लिहायचं?"

सरांनी दगड खाली ठेवला. लिहिता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि जागा कोणासाठी थांबत नाही, असंही म्हणाले. थांबली नाही. ती जागा मिळाली त्या मुलाचा प्रबंध कोंबड्यांवर होता. कोंबड्या एकाच शेडमध्ये असतात, एकाच मालकाच्या असतात, आणि त्यांना पाहुण्यांबद्दल काही वाटत नाही.

मधले महिने नाहिदने दिग्रसमध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत काढले. ती पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होती, आणि या वेळी तिला त्यांतल्या प्रत्येक व्याख्येत कोणीतरी माणूस बसलेला दिसत होता. निवडीतला दोष, असं लिहिलं होतं तिथे पुंडलिकराव कासरा धरून बसले होते. निरीक्षकाचा दोष, असं लिहिलं होतं तिथे ती स्वतः होती, अनवाणी, गोठ्याकडे धावत. परीक्षेआधी तिने ही दोन्ही पानं पाठ केली होती आणि त्यांवर चांगले गुणही मिळवले होते. त्या दिवसांत ती आरशासमोर चेहरा कोरा ठेवायचा सराव करू लागली. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. ओठ ताब्यात आले की भुवया निसटत. भुवया आवरल्या की नाकपुडी काहीतरी बोलून जाई. शेवटी तिला वडिलांचा चेहरा सापडला: गिऱ्हाईक जळकी मोटर घेऊन दारात उभं राहतं आणि होईल का दुरुस्त म्हणून विचारतं, तेव्हा अब्दुल गनींच्या चेहऱ्यावर जे काहीच नसतं ते. बिस्मिल्लाबीने तिला एकदा त्या अवस्थेत पाहिलं आणि तब्येत तो ठीक है ना, असं विचारलं. नाहिदला समजलं, जमलं.

पाऊस सुरू झाला, गोचीड वाढल्या, आणि ती पुन्हा त्याच गावांत गेली. या वेळी कोणी ढोर आणून दाखवायचं नाही, असं तिने आधीच सांगितलं. घरोघर फिरून तिने आधी सगळी ढोरं मोजली, ठणठणीत आणि मरतुकडी एकाच चेहऱ्याने. सावडीतला बैल आज ज्याच्या दावणीला असेल त्याचा धरला. मग प्रत्येक जनावराची चिठ्ठी डब्यात टाकून, डबा हलवून, निघेल त्या चिठ्ठीच्या दारात गेली. टोचलेल्या कानाला ती जांभळं औषध लावून ठेवी, तोच कान पुन्हा समोर येऊ नये म्हणून. चिठ्ठीचं लोकांना पटेना. ज्याची चिठ्ठी निघे तो विचारी, मी काय केलं. ज्याची निघत नसे तोही तेच विचारी. आठवड्याभरात चिंचबर्डीत अशी बातमी झाली, की जांभळ्या कानाच्या ढोरांना पुढे काहीतरी मिळणार आहे, आणि दुसऱ्या फेरीला ती गेली तेव्हा तिने न टोचलेले कितीतरी कान जांभळे होते. शाळेच्या शाईचा रंग जरा फिका येतो म्हणून कळलं. ती हसली नाही. चेहरा एव्हाना पक्का झाला होता. तिने औषध बदलून हिरवा रंग घेतला आणि त्या गावाची मोजणी पुन्हा पहिल्या घरापासून सुरू केली.

सावरगव्हाणला तानाबाईच्या घरची एकही चिठ्ठी निघाली नाही. निघाली ती डाव्या शेजारच्याची आणि उजव्या शेजारच्याची. नाहिद मधलं दार सोडून पुढे जायला लागली तेव्हा तानाबाई ओट्यावर आली. गेल्या वर्षी याच ओट्यावर नाहिदने पोळी खाल्ली होती. या वर्षी गाय खरोखरच आजारी होती, दोन दिवस वैरण खात नव्हती. हे तानाबाईने सांगितलं आणि आपण न बोलावता तिने यावं म्हणून वाट पाहिली.

"मावशी, गायीला मी औषध देते. पण रक्त घेता येणार नाही. चिठ्ठी निघाली नाही."

"मंग काढ नं अजून एक. तुह्याच हातात डबा हाये."

"तसं चालत नाही."

"चिठ्ठी कोनं काढली? तूनंच काढली नं?"

"हो."

"मंग हात तुहाच हाये," तानाबाई म्हणाली. "असं मनावं नं, की तानामावशीच्या गोठ्यात पाय ठेवाचा नाही. मागच्या साली ढोरं चांगले होते त उदास झालती. औंदा बिमार हाये त वळखत नाहीस. तुले पायजे तरी काय वं पोरी?"

नाहिदकडे उत्तर होतं, पण ते ज्या भाषेत होतं ती या ओट्यावर चालत नव्हती. तिला सांगायचं होतं, की मला तुझी गाय नको आहे, मला कोणाचीच गाय नको आहे, मला फक्त गायींची संख्या हवी आहे. आणि हे वाक्य मनातल्या मनात तयार झाल्यावर तिला ते जगातलं सगळ्यांत निर्दय वाक्य वाटलं, आणि तरी बरोबरच वाटलं. ती गोठ्यात गेली. गायीच्या मानेतली सुजलेली गाठ चाचपली, डोळ्याची पापणी उलटून पाहिली. गोचीडतापाची पुस्तकात शोभावी अशी खूण होती. टोचून पाहायचीही गरज नव्हती. बोटं त्या गायीच्या कानापर्यंत गेली. कान ऊन ऊन होता. खिशात सुई होती, पिशवीत कोरी काच होती, आणि पाहणारं कोणी नव्हतं; तानाबाई तर उपकार मानणार होती. नाहिदने हात मागे घेतला, सुई भरून गायीला औषध दिलं, वैरण कशी द्यायची ते सांगितलं, आणि उजव्या शेजारच्या घरी जाऊन एका धडधाकट गोऱ्ह्याचं रक्त घेतलं. त्या दिवशी तिला ओट्यावर कोणी जेव म्हटलं नाही. फाट्यावर एसटीची वाट पाहत तिने बिस्किटं खाल्ली. चेहरा तेव्हाही कोराच होता. पाहायला तिथे एक शेळी होती. गाय वाचली, पण प्रबंधात ती कुठेच आली नाही, आजारी म्हणूनही नाही आणि बरी झाली म्हणूनही नाही.

काचपट्ट्या रंगवून, मोजून, सगळी आकडेमोड झाली तेव्हा गोचीडतापाचं प्रमाण गेल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी निघालं. नाहिदने आकडा टेंभरे सरांसमोर ठेवला. गेल्या वर्षीचा आकडा भव्य होता, त्याच्यावर परिषदेत बोलता आलं असतं, एखादी समिती त्याच्यासाठी जिल्ह्यात आली असती. हा आकडा कोणाला झोपेतून उठवण्यासारखा नव्हता. सरांनी तो बराच वेळ पाहिला. "हा कोणाच्याच कामाचा नाही," ते म्हणाले, "म्हणजे बरोबर असेल." इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली ही एकमेव शाबासकी होती, आणि नाहिद ती घेऊन वसतिगृहाच्या जिन्यावर थोडा वेळ बसून राहिली. आनंद झाला की नाही, हे तिला सांगता येत नव्हतं. चेहरा इतके महिने कोरा ठेवल्यावर आतही काही हलतं आहे का, ते नीट कळत नव्हतं. पण पाय जमिनीवर होते. उंचावर चढून जिल्हा पाहायचा नसतो, गोठ्यात वाकून एकेक कान धरायचा असतो आणि वर पुन्हा त्या कानाला विसरायचं असतं, हे दोन्ही एका माणसाला जमत नाही, आणि आपल्याला जमवायचं आहे, असं तिने ठरवून टाकलं.

तोंडी परीक्षा उन्हाळ्यात झाली. बाहेरून आलेले परीक्षक मोठे विद्वान होते. त्यांच्या पुस्तकातली प्रकरणं नाहिदने वाचली होती. तिने तयारी केली होती ती सगळी एका प्रश्नासाठी: पहिले नमुने रद्द का केले? उत्तर तिने इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की त्यातले शब्द गुळगुळीत झाले होते. त्यात कानफाट्या होता, सावड होती, तिचा चेहरा होता. तानाबाईच्या गायीबद्दल बोलायचं की नाही, ते अजून ठरत नव्हतं. परीक्षकांनी प्रबंध उघडला, मधलं एक पान पाहिलं, मिटला. टेंभरे सर खिडकीबाहेर बघत होते. शिपाई चहा ठेवून गेला.

"तर तुमचा विषय गोचीड," परीक्षक म्हणाले. "आमच्याकडे एक कुत्रा आहे. पामेरियन. त्याच्या कानात फार होतात. काय करावं?"

नाहिदने चिमट्याने मुळापाशी धरून सरळ ओढायला सांगितलं.

परीक्षकांनी ते लिहून घेतलं.